फुकट मिळालेल्या कोडचं देणं कसं फेडायचं

ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या, कोडसोबत अनेकदा येणाऱ्या एमआयटी लायसन्सचा शेवटचा परिच्छेद एकदा नीट वाचा. कोड ‘आहे तसा’ दिला आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. कायद्याच्या हिशेबात कोड वापरणारी कंपनी मेंटेनरचं, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याचं, काही लागत नाही आणि मेंटेनरही कंपनीचं काही लागत नाही. देणं सुरू होतं ते यानंतर. कंपनी त्या कोडवर धंदा उभा करते आणि मग तो उद्याही चालावा, त्यातला दोष चार दिवसांत निघावा, नव्या प्रोसेसरवर तो बिल्ड व्हावा, असं धरून चालते. ही अपेक्षा लायसन्समध्ये कुठेच नाही. ती पुरी करण्यात कुणाच्या तरी संध्याकाळी आणि सुट्ट्या जातात. त्याची किंमत कंपनीनेच द्यायला हवी.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेचा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा तो ज्यात होता त्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीला निव्वळ देणग्यांतून वर्षाला साधारण २,००० डॉलर मिळत होते आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. बँकांपासून मेल सर्व्हरपर्यंत सगळ्यांचं कुलूप त्या कोडचं होतं. पैसे द्यायची ऐपत असलेल्या हजारो कंपन्या तो वापरत होत्या. पण पैसे कुणी, कुठे, कशाच्या नावाखाली द्यायचे, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

म्हणून पहिलं पाऊल अगदी साधं आहे. हे काम एका माणसाच्या नावावर लिहा. समिती नको. आठवड्याचा एक दिवस मोकळा असलेला आणि फायनान्सच्या लोकांशी बोलायला न कंटाळणारा एक सीनिअर इंजिनिअर पुरतो.

यादी काढताना कंटेनरच्या आत बघा

आपण काय काय वापरतो याची यादी, म्हणजे एसबीओएम, काढायला सिफ्ट किंवा ट्रिव्हीसारखी साधनं आहेत. यादी सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स स्वरूपात ठेवा, म्हणजे पुढे इतर साधनांना ती वाचता येते. इथे नेहमी होणारी चूक अशी की साधन सोर्स कोडच्या फोल्डरवर चालवलं जातं. त्यातून फक्त त्या भाषेच्या पॅकेज मॅनेजरला माहीत असलेली पॅकेजेस मिळतात. ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएक्सएमएल२, टाइमझोन डेटाबेस हे सगळं कंटेनरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्यासह बांधलेल्या पेटीच्या, बेस इमेजमधून येतं आणि यादीतून निसटतं. साधन प्रॉडक्शनला जाणाऱ्या तयार इमेजवर चालवा.

त्यानंतरही दोन जागा हाताने तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे पॅकेजच्या पोटात भरलेल्या लायब्ररी. पायथनच्या सायकोपीजी२-बायनरी या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी आणि ओपनएसएसएल दोन्ही आत बांधलेल्या असतात, आणि स्कॅनरला त्या दिसतीलच याची खात्री नाही. दुसरी जागा म्हणजे बिल्डचं मशीन. कंपायलर, टेस्ट चालवणारी साधनं, सीआयमधले (कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेतले) छोटे अॅक्शन यांतलं काहीच ग्राहकाकडे जात नाही, म्हणून एसबीओएममध्येही येत नाही. पण ते बंद पडलं तर रिलीज बंद पडतं.

यादी हजारांत जाते. ती आटोक्यात आणायला प्रत्येक नोंदीला तीन प्रश्नांवर १ ते ५ गुण द्या आणि त्यांचा गुणाकार करा. हे आपल्या किती प्रॉडक्टमध्ये आहे? काढून दुसरं बसवायचं ठरवलं तर किती आठवडे लागतील? आणि गेल्या १२ महिन्यांत त्या प्रोजेक्टमध्ये बदल मर्ज करणारी, म्हणजे मूळ कोडमध्ये आत घेणारी, किंवा रिलीज काढणारी माणसं किती? एकच माणूस असेल तर ५, दहापेक्षा जास्त असतील तर १. सर्वाधिक १२५ गुण होतात. ६० च्या वर जे येतं, तिथून सुरुवात करा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढताना कमिट, म्हणजे कोडमधले नोंदलेले बदल, मोजू नका. एका प्रोजेक्टला शंभर जणांनी कमिट पाठवलेले असतात आणि ते तपासून आत घेणारा एकटाच असतो. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या लॉगमधल्या ‘कमिटर’ या रकान्यावरही विसंबू नका. गिटहबच्या वेबसाइटवरून मर्ज केलं की तिथे बहुतेक वेळा माणसाच्या जागी ‘गिटहब’ असंच नाव येतं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, कुणी मर्ज केली ते एपीआयमधून काढा आणि पॅकेज रजिस्ट्रीवर (जिथून सगळे पॅकेज उतरवतात तिथे) प्रकाशनाचा अधिकार कुणाकडे आहे ते बघा. या दोन नावांच्या याद्या एकाच माणसावर येऊन थांबत असतील, तर तो प्रोजेक्ट तुमच्या यादीत वरच असायला हवा.

स्टार आणि डाउनलोडचे आकडे या कामी निरुपयोगी आहेत. मोठ्या कंपनीने स्वतःच्या पगारी माणसांकडून चालवलेल्या प्रोजेक्टला लाखभर स्टार असतात, त्याला तुमच्या पैशांची गरज नसते. टाइमझोन डेटाबेसकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एखाद्या देशाने घड्याळ पुढे-मागे करायचा निर्णय ऐन वेळी जाहीर केला की तो टिपून जगभरच्या मशीनपर्यंत पोहोचवण्याचं काम मूठभर लोक निगुतीने करत असतात.

किती द्यायचं

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ओपन सोर्स प्लेजने एक मोजमाप दिलं आहे: कंपनीत जितके पूर्ण वेळ डेव्हलपर, त्या प्रत्येकामागे वर्षाला किमान २,००० डॉलर. १५० डेव्हलपर असतील तर ३,००,००० डॉलर. पहिल्याच वर्षी एवढं मंजूर होणं अवघड आहे. एक दशांश मिळाले तरी घ्या, मात्र त्याच मंजुरीच्या कागदावर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा आकडा लिहून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून वाद घालत बसलात, तर तेवढ्यात मेंटेनरने दुसरी नोकरी धरलेली असते.

खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळं त्यावरच ठरतं. तो इंजिनिअरिंगच्या चालू खर्चात, क्लाउडच्या बिलाशेजारी टाका. मार्केटिंगच्या बजेटमधून दिलेल्या पैशाच्या बदल्यात लोगो, पोस्ट, परिषदेतलं भाषण मागितलं जातं, आणि पहिल्या वाईट तिमाहीत तोच पैसा आधी कापला जातो. दानधर्माच्या खात्यावर टाकला तर नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसलेल्या मेंटेनरला तो देताच येत नाही.

आता वाटप. समजा पहिल्या वर्षी ३०,००० डॉलर मिळाले. हजार पॅकेजेसवर सारखे वाटले तर प्रत्येकाला वर्षाला ३० डॉलर, म्हणजे महिन्याला अडीच. त्यातून कुणीही आपल्या दुसऱ्या कामाचा एक तासही कमी करू शकत नाही. त्यापेक्षा २१,००० डॉलर गुणांच्या यादीतल्या वरच्या तीन प्रोजेक्टना द्या, प्रत्येकी ७,०००. पुढच्या ५० प्रोजेक्टना महिना १० डॉलरप्रमाणे ६,०००. ही रक्कम छोटी असली तरी नियमित येते, आणि कोण कोण आपल्यावर अवलंबून आहे हे मेंटेनरला तिच्यातून कळतं. उरलेले ३,००० अचानक लागणाऱ्या कामासाठी राखून ठेवा. एखाद्याचं बिल्डचं मशीन बंद पडतं, कुणाला ऑडिट करून घ्यायचं असतं.

डिपेंडन्सीची झाडं वाचून आपोआप पैसे वाटणाऱ्या सेवा मिळतात. ५० जणांच्या त्या थरासाठी त्या बऱ्या आहेत. पण वरच्या तिघांची निवड त्यांच्यावर सोपवू नका. ज्याने आपली लायब्ररी वीस बारीक पॅकेजेसमध्ये तोडली आहे त्याला अशा हिशेबात जास्त मिळण्याचा धोका असतो, आणि सगळं एका फाइलमध्ये नीट सांभाळणारा मागे राहतो.

पैसे पोहोचायची वाट

मंजुरी मिळूनही बहुतेक ठिकाणी घोडं इथे अडतं. आधी मेंटेनरला पैसे कसे हवे आहेत ते शोधा. रिपॉझिटरीतल्या ‘डॉट गिटहब’ फोल्डरमध्ये ‘फंडिंग डॉट वायएमएल’ नावाची फाइल असते, तिच्यातूनच पानावरचं स्पॉन्सरचं बटण तयार होतं. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम फंड’ ही कमांड चालवली की बसवलेल्या पॅकेजेसपैकी कुणाकुणाला निधी हवा आहे त्याची यादी दुव्यांसह मिळते. काही प्रोजेक्ट ‘फंडिंग डॉट जेसन’ ही फाइल ठेवतात. तिच्यात किती रक्कम कशासाठी हवी तेही लिहिलेलं असतं. ती वाचल्याशिवाय रक्कम ठरवू नका.

फाउंडेशनला दिलं म्हणजे मेंटेनरला मिळालं, असं धरू नका. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन सर्व्हर, कायदेशीर मदत, ट्रेडमार्क यांवर खर्च करतं, पण कोड लिहिण्यासाठी कुणाला पैसे देत नाही. हे त्यांचं जाहीर धोरण आहे आणि त्यामागे विचार आहे. तिथली देणगी आवश्यकच आहे, पण लॉगफोरजे या तिथल्या लायब्ररीवर रात्री काम करणाऱ्या माणसाचा वेळ तिच्यातून विकत येत नाही, त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. एसक्यूलाइट या डेटाबेसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे बाहेरचे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, सहसा घेतच नाहीत, त्यामुळे इंजिनिअरचे तास देऊ करण्यात अर्थ नाही. कन्सोर्टियमचं सदस्यत्व किंवा सपोर्टचा करार, हीच तिथली वाट.

मग येतो व्हेंडर फॉर्म. मोठ्या कंपनीचा फॉर्म शंभर माणसांच्या पुरवठादारासाठी बनवलेला असतो. विम्याचं प्रमाणपत्र, सुरक्षा ऑडिट, तीन वर्षांचे ताळेबंद, आणि पैसे ९० दिवसांनी. घरातल्या टेबलावरून काम करणारा माणूस हा फॉर्म भरणार नाही, आणि भरावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्यावर चालणारा उपाय असा:

१. गिटहब स्पॉन्सर्स आणि ओपन सोर्स कलेक्टिव्हसारखी एखादी निधी सांभाळणारी संस्था, या दोघांनाच व्हेंडर म्हणून नोंदवा. यासाठी दोन महिने धरा. पुढचे सगळे प्रोजेक्ट या दोन नोंदींखाली येतात.

२. वर्षाचा एकच पीओ (खरेदी आदेश) काढा. दर महिन्याला मंजुरी लागेल अशी रचना तिसऱ्या महिन्यात हमखास तुटते.

३. मध्यस्थाचा वाटा वर धरा. ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के घेतं, गिटहब कंपन्यांच्या खात्यांकडून पैसे भरण्याच्या पद्धतीनुसार ६ टक्क्यांपर्यंत घेतं. मेंटेनरच्या हातात ७,००० पडायला हवेत असं ठरलं असेल, तर १० टक्के कपातीसाठी ७,७७८ मंजूर करून घ्या.

४. थेट करार करायचा असेल तेव्हासाठी लीगलकडून एक लेखी सूट आधीच घेऊन ठेवा: ठरावीक रकमेखालच्या व्यक्तिगत करारांना विमा आणि ऑडिटची अट नाही, पैसे आगाऊ किंवा ३० दिवसांत.

मेंटेनरला लिहायचा मेल पाच-सहा ओळींचा ठेवा. उदाहरणार्थ:

“नमस्कार. आमच्या चार प्रॉडक्टमध्ये तुमची लायब्ररी २०१९ पासून आहे. तुमच्या कामासाठी वर्षाला ७,००० डॉलर द्यायचे आम्ही ठरवलं आहे, सध्या तीन वर्षांसाठी. बदल्यात कोणतंही फीचर किंवा लोगो नको आहे. गिटहब स्पॉन्सर्स, निधी सांभाळणारी संस्था किंवा थेट इनव्हॉइस, यांतलं जे सोयीचं असेल ते सांगा. पैशांऐवजी दुसरं काही जास्त उपयोगाचं असेल, तर तेही सांगा. उत्तराची घाई नाही.”

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. कुणाच्या नोकरीच्या करारात बाहेरचं उत्पन्न घ्यायला बंदी असते, कुणाच्या देशात ही सेवा पैसे पाठवत नाही, कुणाला पैसे घेतल्यावर येणारं ओझं नको असतं. अशा वेळी दुर्मिळ प्रोसेसरचं टेस्ट मशीन, सीआयचे तास किंवा इश्यू (दोषांच्या आणि मागण्यांच्या नोंदी) निवडून लावणारा एक माणूस यांचा उपयोग जास्त होतो. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा.

करारात काय असावं, काय नसावं

करार तासांचा किंवा महिन्यांचा करा, ठरावीक फीचरचा नको. फीचर विकत घेतलं की प्रोजेक्टची दिशा सर्वाधिक पैसे देणारा ठरवू लागतो, आणि ते फीचर पुढे दहा वर्षं सांभाळायचं काम मात्र मेंटेनरच्या गळ्यात पडतं. मुदत किमान १२ महिने, बंद करायचा असेल तर ३ महिन्यांची सूचना, लिहिलेला सगळा कोड प्रोजेक्टच्याच लायसन्सखाली, मेंटेनरची जबाबदारी मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित. दोष अमुक दिवसांत दुरुस्त होईल अशी हमी मागू नका. पहिलं उत्तर अमुक दिवसांत येईल, एवढंच मागता येतं. कंपनीच्या ठरावीक नमुन्यातलं नुकसानभरपाईचं कलम आणि स्पर्धक कंपनीसाठी काम न करण्याचं कलम लीगल स्वतःहून काढत नाही. ती दोन्ही तुम्ही वाचून काढायला लावा.

माणसांचे तास

पैशांखालोखाल, कधी पैशांपेक्षाही जास्त, उणीव असते ती दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्यांची. कंपन्या पॅच पाठवतात आणि मदत केली असं समजतात. ३,००० ओळींची पुल रिक्वेस्ट आधी न बोलता येऊन पडते, तेव्हा मेंटेनरला ती वाचावी लागते, नाकारली तर वाद घालावा लागतो, घेतली तर ती लिहिणारा इंजिनिअर सहा महिन्यांत दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो आणि दोष निस्तरायला मेंटेनर एकटा उरतो. आधी इश्यू उघडून हे हवं आहे का ते विचारा. होकार आला तर तुकडे करा, टेस्ट सोबत द्या, आणि मर्ज झाल्यानंतर किमान वर्षभर त्या भागाचे इश्यू बघणाऱ्या माणसाचं नाव लिहा.

त्याहून चांगलं म्हणजे इतरांच्या पुल रिक्वेस्ट तपासायला तास द्या. महत्त्वाच्या प्रोजेक्टसाठी एका इंजिनिअरचे आठवड्याला चार तास, कॅलेंडरवर बांधून आणि वार्षिक मूल्यमापनात मोजून. मोजले नाहीत तर ते तास पहिल्याच डेडलाइनला गायब होतात. लीगलची परवानगीही प्रत्येक पॅचमागे मागायला लावू नका. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेल्या लायसन्सच्या प्रोजेक्टना दोषदुरुस्ती, टेस्ट आणि कागदपत्रं पाठवायला एकदाच सरसकट परवानगी द्या. प्रोजेक्टला सीएलए, म्हणजे कोड देणाऱ्याशी केलेला करार, लागत असेल तर कंपनीच्या वतीने एकदा सही करा. डीसीओ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी साधी ग्वाही, असेल तर इंजिनिअरने कमिटखाली सही-ओळ टाकली की झालं.

इथे एक मोठा धोका आहे. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या थकलेल्या मेंटेनरवर २०२२ मध्ये मेलमधून दबाव आला: पॅच पडून आहेत, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने मदत करणारा कुणीतरी हळूहळू विश्वास कमावत होता. त्यानेच पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने पुरवला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी तो उघड झाला. तुमच्या इंजिनिअरने इश्यूखाली लिहिलेलं “हा प्रोजेक्ट मेला आहे का?” हे वाक्य त्याच दबावात भर घालतं. ते लिहायचं नाही, हा नियम आतल्या धोरणात ठेवा. आणि आपला माणूस लगेच सह-मेंटेनर व्हावा असा आग्रह धरू नका. त्याने वर्षभर दिसेल असं काम करावं, अधिकार मेंटेनरने स्वतःहून द्यावेत.

दोष कळवताना

“तुमच्या लायब्ररीमुळे आमचं प्रॉडक्शन थांबलं आहे, तातडीने बघा.” अशा इश्यूवर काही करता येत नाही. त्याऐवजी एवढं द्या: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोष दाखवणारी दहा-पंधरा ओळींची फाइल, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. आणि शक्य असेल तर तो दोष कोणत्या कमिटपासून आला. शेवटची गोष्ट अवघड वाटते, पण गिट बायसेक्ट दर पायरीला उरलेले कमिट निम्मे करतं, त्यामुळे हजार कमिटमधून नेमका कमिट सुमारे दहा पायऱ्यांत सापडतो. तुमच्या इंजिनिअरचा एक तास जातो, मेंटेनरची आख्खी संध्याकाळ वाचते.

सुरक्षेचा दोष असेल तर तो उघड इश्यूत टाकायचा नाही. रिपॉझिटरीतली ‘सिक्युरिटी’ फाइल बघा, तिथे खासगी मार्ग दिलेला असतो. स्कॅनरने काढलेली ओळ तशीच पुढे ढकलू नका. दोष असलेलं फंक्शन आपल्या कोडमधून खरंच बोलावलं जातं का, हे आधी तपासा. बऱ्याचदा जात नाही. भाषा-मॉडेलने लिहून दिलेला अहवाल असेल, तर आपल्या माणसाने तो दोष स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही. असे खोटे अहवाल तपासण्यात मेंटेनरचे दिवसच्या दिवस जातात. दोष खरा असेल तर सोबत दुरुस्तीचा पॅच आणि टेस्ट द्या. दोष शोधायला पगारी टीम ठेवायची, दुरुस्तीचं काम स्वयंसेवकावर टाकायचं आणि वर ९० दिवसांनी दोष जाहीर करू असं घड्याळ लावायचं, हे अन्यायाचं आहे. जून २०२५ मध्ये लिबएक्सएमएल२ च्या एकट्या मेंटेनरने जाहीर केलं की यापुढे सुरक्षेचे दोषही साध्या दोषांसारखेच हाताळले जातील, दुरुस्तीपर्यंत दोष गुप्त ठेवायची मुदत पाळली जाणार नाही. ती लायब्ररी ब्राउझरपासून ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पसरलेली आहे.

प्रश्नावल्या पाठवणं तर पूर्ण बंद करा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमधला लॉगफोरशेल हा सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये कर्ल या डेटाची ने-आण करणाऱ्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचा मेल आला: लॉगफोरजेविषयीच्या आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, लॉगफोरजे जावाची लायब्ररी आहे. त्यांनी कळवलं की सपोर्टचा करार झाला की उत्तरं मिळतील. तुमच्या कंप्लायन्स टीमच्या मेलिंग यादीत मेंटेनरचे पत्ते पुरवठादार म्हणून शिरले आहेत का, ते आजच तपासा. एसबीओएममधून पत्ते आपोआप उचलले गेले की हेच होतं. ज्याच्याशी करार नाही, तो पुरवठादार नाही.

युरोपात विकणाऱ्या कंपन्यांवर यातलं काही कायद्यानेच येत आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला, त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. बाहेरून घेतलेल्या घटकांची काळजीपूर्वक तपासणी ही उत्पादकाची जबाबदारी आहे. घटकात दोष सापडला तर तो सांभाळणाऱ्याला कळवायचा, आणि आपण दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही त्याला द्यायचा. मुख्य बंधनं मोडल्यास दंड १.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या २.५ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जातो. बजेट मागताना फायनान्ससमोर हे पान ठेवा.

रजिस्ट्रीवरचा भार

हे थोडक्यात, कारण उपाय एका आठवड्याचा आहे. तुमचं सीआय प्रत्येक बिल्डला तीच पॅकेजेस पायपीआय, मेव्हन सेंट्रल, एनपीएमवरून नव्याने उतरवतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा रजिस्ट्री चालवणाऱ्या अनेक संस्थांनी एकत्र पत्र काढून हा खर्च आता पेलत नसल्याचं सांगितलं. नेक्सस, आर्टिफॅक्टरी, डेव्हपीआय किंवा व्हर्डाचिओ, एकदा उतरवलेली पॅकेजेस आपल्याकडे साठवून ठेवणारं काहीही मध्ये बसवा आणि बिल्डच्या मशीनना बाहेरच्या रजिस्ट्रीचा रस्ता बंद करा. रस्ता उघडा ठेवलात तर कुणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमधून थेट उतरवणं चालूच राहतं.

थांबवायची वेळ आली तर

कंपनी प्रॉडक्ट बंद करते, दुसरी लायब्ररी घेते, बजेट आटतं. असं होणारच. त्या वेळी मासिक रक्कम गुपचूप बंद करू नका. मेंटेनरने त्या भरवशावर नोकरीचे तास कमी केलेले असू शकतात. तीन महिने आधी मेल पाठवा, शेवटची तारीख लिहा आणि तेवढे हप्ते आगाऊ भरून टाका, म्हणजे मधल्या काळात फायनान्सने खातं गोठवलं तरी त्याला झळ बसत नाही.

मेंटेनरलाच थांबायचं असेल तर त्याच्यावर वारस शोधायची सक्ती करू नका. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या लेखकाने, आपण ते वापरतही नाही म्हणून, मदत करू पाहणाऱ्या अनोळखी माणसाला ते देऊन टाकलं. त्या माणसाने कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांचे पैसे चोरण्यासाठी त्यात दुसरं पॅकेज घुसवलं. रिपॉझिटरी आर्काइव्ह करून ‘आता सांभाळलं जात नाही’ असं लिहिणं हा मेंटेनरचा पूर्ण हक्क आहे. त्या दिवशी कंपनीने कोड आपल्या नावाने फोर्क करावा (वेगळी प्रत काढून पुढे न्यावा), नवं नाव द्यावं, दोन इंजिनिअर त्यावर लावावेत, आणि जुन्या मेंटेनरला सहा महिने सल्ल्याचे तास विकत मागावेत. तो नाही म्हणाला तर तिथेच थांबावं.